तीन दाणे पडायचे, सात न पडायचे

माझा नवरा फोनवर "आलोच, नाक्यावरच आहे" असं म्हणतो, आणि त्यात खोटं काही नसतं. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, सुट्या भागांचं त्याचं दुकानच भिवंडीत धामणकर नाक्यावर आहे. तो सकाळपासून नाक्यावरच असतो. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्याच्या 'आलोच'ची खरी किंमत मला कळली आहे. दहा वेळा म्हटलं, तर त्यातल्या दोन वेळा तो भात गरम असताना घरी पोचतो. म्हणून 'आलोच' ऐकलं की मी तांदूळ निवडायला घेते आणि 'निघालो' ऐकलं की कुकर लावते. शब्द बदलायला त्याला मी कधी सांगितलं नाही. शब्दाची खोड कळली की त्याच्याशी संसार करता येतो. गंमत अशी, की याच ज्ञानावर मी हल्ली पगार घेते.

मी हवामानाचा अंदाज सांगणाऱ्या तरुण मंडळींना शिकवते. त्याआधी बरीच वर्षं मी स्वतः अंदाज सांगत होते. तेव्हा काम सोपं होतं. 'पाऊस पडेल' म्हणायचं, आणि नाही पडला की चार लोकांत तोंड लपवायचं. नात्यातल्या एका हळदीला यजमानीणबाईंनी मला हाताला धरून पुढे आणलं आणि जमलेल्या बायकांना सांगितलं, "ह्या आमच्या पावसाच्या बाई. ह्या 'पाऊस नाही' बोलल्या, म्हणून आज मांडव गळतोय." मी पदर सावरून वाकून नमस्कार केला. टाळ्या पडल्या. बँडवाल्याने उगाच एक पिपाणी वाजवली. अशी संधी मी सोडत नाही.

आता पद्धत बदलली. 'पडेल' किंवा 'नाही' एवढ्यावर भागत नाही, पडायची शक्यता किती ते सांगावं लागतं. ऐकायला हे पोरखेळ वाटतं. पदवीला पहिल्या आलेल्या मुलांना शिकवताना मात्र माझा घसा बसतो.

आमचा वर्ग राहनाळला भरतो, एका गोदामाच्या पोटमाळ्यावर. गोदामवाल्यांना माल उघड्यावर चढवायचा-उतरवायचा असतो, खोके भिजले की सगळ्यांची तोंडं उतरतात, म्हणून त्यांनी मिळून अंदाजवाली मुलं ठेवायचं ठरवलं आणि ती घडवायला मला बोलावलं. खाली ट्रक मागे घेताना जो किणकिणाट करतात, त्याच्या तालावर मी वर अनिश्चितता शिकवते. मला ती जागा मनापासून आवडते. माझं माहेर कामतघरच्या चाळीतलं. मागांचा खडखडाट नसेल तर मला झोपसुद्धा लागत नाही.

पहिल्या दिवशी मी मुलांना कामतघरलाच नेलं, एका कारखान्याच्या दारात उभं केलं आणि ओरडून, कारण त्याशिवाय ऐकू येत नाही, सांगितलं, "हे बघा! सूत एकाच ठिकाणाहून आलंय. माग सारखे दिसतात. पण एकाचा पट्टा जरा ढिला, दुसऱ्याला काल तेल दिलंय, तिसऱ्याचा कारागीर आज पेंगतोय. कापड सगळ्यांचं थोडं थोडं वेगळं निघणार. तुमचा संगणकसुद्धा हेच करतो. आजचं आभाळ घेतो, त्यात चिमूटभर फरक करतो, आणि उद्याचा दिवस पन्नासेक वेळा विणतो. किती कापडांवर पाऊस निघाला ते मोजा. तीच तुमची शक्यता."

मुलांनी माना डोलावल्या. एक कारागीर माझ्याकडे बघत राहिला आणि शेजारच्याला म्हणाला, "मॅडम सही बोल रही है, लेकिन पट्टा ढीला नहीं है."

मोजायला मुलं दोन दिवसांत शिकली. अडचण पुढे होती. मोजलेलं मनापासून म्हणायचं कसं? पडद्यावर पन्नासातली पंधरा कापडं भिजलेली दिसत असली, तरी माणसाच्या जिभेवर येताना त्याचं एकतर 'नाही पडणार' होतं, नाहीतर 'सांगता येत नाही'. यावर उपाय म्हणून मी शेंगा आणल्या.

भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा. भलं मोठं पोतं. खेळ असा. रोज सकाळी प्रत्येकाला दहा दाणे द्यायचे आणि समोर दोन वाट्या. एक 'पडेल'ची, दुसरी 'न पडेल'ची. उद्या पाऊस पडेल का, यावर दहा दाणे दोन वाट्यांत वाटायचे. सात-तीन, नऊ-एक, जसं मनाला पटेल तसं. दुसऱ्या दिवशी खरं काय ते कळलं, की चुकीच्या वाटीत जितके दाणे असतील त्या आकड्याला त्याच आकड्याने गुणायचं, आणि तितके दाणे शेंगांमधून सोलून माझ्या डब्यात टाकायचे. चुकीच्या वाटीत तीन असतील तर नऊ दाणे सोला. सात असतील तर एकोणपन्नास. हा दंडाचा हिशेब जगभर चालतो. शेंगा तेवढ्या माझ्या. त्या दिवसांत माझ्या घरी शेंगदाण्याची जी चटणी झाली ती शास्त्राच्या जिवावर झाली, हे मी नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

एका आठवड्यात वर्गाचे स्वभाव वाट्यांत उतरले. एक अकोल्याचा मुलगा होता, उंच, हसतमुख, केसांना भरपूर जेल. तो रोज सगळेच्या सगळे दहा दाणे एकाच वाटीत टाकायचा.

"मॅडम, नाही म्हणजे नाही. आभाळ तर बघा!"

बहुतेक दिवस त्याचं खरं ठरायचं आणि तो नुसता बसून राहायचा. मग एखाद्या दिवशी चुकायचा आणि शंभर दाणे सोलत बसायचा. सोलतानाही हसायचा. त्याचं नाव पडलं दहादाणे.

आणि एक मुलगी होती. आतल्या गावाकडची, वाड्याच्या रस्त्याला लागून जी भातशेतीची गावं आहेत तिथली. घरची शेती, पाठीला पाठ लावून आलेलं भावंड नाही, एकुलती. वर्गात सगळ्यांत हुशार तीच. पडद्यावरची कापडं ती माझ्या आधी वाचायची. पण वाट्या पुढे आल्या की पाच दाणे इकडे, पाच तिकडे. रोज. ढग नसलेल्या कोरड्या दिवशीसुद्धा पाच-पाच. त्यामुळे दंड रोज ठरलेला, पंचवीस दाणे. ती ते मुकाट्याने सोलायची, डब्यात टाकायची, हात झटकायची. तिचं नाव पडलं पाचदाणे. तिने ते हसून घेतलं, पण वाट्या बदलल्या नाहीत.

"अगं, तुला दिसतंय ना, उद्या काही नाही?" मी एकदा विचारलं.

"दिसतंय, मॅडम."

"मग?"

"पण पडला तर?"

"पडला तर पडला. शेंगा सोलशील."

"रोज थोड्या सोललेल्या बऱ्या," ती म्हणाली.

तिला कुंपणावरून उतरवायला मी बरीच नाटकं केली. सगळा वर्ग धामणकर नाक्यावर नेला, नवऱ्याच्या दुकानासमोर उभा केला आणि सांगितलं की समोरची शेअर रिक्षा आपला चहा संपायच्या आत सुटेल का, याचा अंदाज द्या. पाचदाणेने अर्थात पाच-पाच सांगितलं. मी रिक्षावाल्याकडे गेले.

"भैया, कितने बाकी?"

"बस एक सवारी, मॅडम. अभी निकला समझो."

रिक्षात चिटपाखरू नव्हतं.

"अहो, रिकामी तर आहे!"

"आप तीन जन बैठोगे, तो एकही बाकी ना?"

मी तिथल्या तिथे त्याला टाळी दिली आणि मुलांना ओरडून सांगितलं, "ऐकलंत? ही अटीवरची शक्यता!" नवरा दुकानातून बघत होता. त्याने शटर थोडं खाली घेतलं.

चहा संपला. रिक्षा तिथेच होती. दहाही दाणे 'नाही सुटणार'वर लावलेला दहादाणे जिंकला. पाचदाणेच्या चेहऱ्यावर मात्र मला एक गोष्ट दिसली, जी वर्गात दिसली नव्हती. रिक्षा सुटणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिची जीभ वळली नव्हती.

त्यानंतरच्या पाठाची मी फार वाट बघत होते, कारण त्यात मला सोंगं घ्यायला मिळतात. अंदाज नुसता काढून उपयोग नाही, तो ऐकणाऱ्याच्या कानात नीट पडायला हवा. आणि ऐकणारे काय काय ऐकतात! 'पावसाची शक्यता तीस टक्के' हे वाक्य मी घरी-दारी सगळ्यांवर करून पाहिलं होतं. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे बारीकच पडेल, भुरभुर." एक रिक्षावाला म्हणाला, "मतलब दिन में दो-तीन घंटा." नवऱ्याने विचार करून विचारलं, "भिवंडीचा तीस टक्के भाग ना? नाका त्यात येतो का?" तीस टक्क्यांचा पाऊस प्रत्येकाने आपापल्या मापाने पाडला. ज्याला शक्यता म्हणतात ती कोणाच्याच छत्रीखाली आली नाही.

म्हणून वर्गात मी एकेक श्रोता व्हायचे आणि मुलांनी मला समजावून सांगायचं. मी गोदामाची मालक झाले, पोट पुढे काढून ओरडले. मांडववाली झाले. मच्छीवाली झाले, तेव्हा दहादाणेला मी इतकं बोलले की खालून वॉचमन वर आला. मग पाचदाणेची पाळी. मी पदर डोक्यावर घेतला, जमिनीवर फतकल घातलं, केरसुणीचा कोयता केला, तो मांडीवर ठेवला आणि फोन कानाला लावल्याचा अभिनय करून तिच्या गावच्या बोलीत विचारलं. ती बोली मला येते. माझ्या मावश्या त्याच बाजूच्या.

"बाय, उद्या पानी हाय का गो? भात कापू का?"

वर्ग हसला. पाचदाणे हसली नाही. तिने तोंड उघडलं, मिटलं. मला वाटलं आठवत नसेल, म्हणून मी आणखी सूर चढवला, "बोल ना गो बाय, आईला सांगशील का न्हाय?" आणि तिचे डोळे भरून आले.

मी केरसुणी खाली ठेवली. पदर खांद्यावर घेतला. बाकीच्यांना चहाला पिटाळलं.

"माझी आई हे विचारत नाही," ती म्हणाली. "आता नाही विचारत."

मग तिने सांगितलं. गेल्या वर्षी भात पिकून पिवळं झालं, तेव्हा आईने फोन केला होता. असाच. पानी हाय का, कापू का. मुलगी हवामानाचं शिकत होती, सगळ्या गावात आईने तसं सांगून ठेवलं होतं. मुलीने संगणकावर एक नकाशा उघडला. एकच. एका मागाचं एकच कापड. ते कोरडं होतं. "न्हाय आये, पानी न्हाय. काप," ती म्हणाली. आईने सगळं शेत कापलं. कापलेलं भात वाळायला तसंच जमिनीवर पसरून ठेवतात, त्याला तिकडे कडपं म्हणतात. दुसऱ्या दिवशी दुपार कलताना गडगडलं आणि कडपं पाण्यात तरंगलं. चार दिवसांनी आईने लोंब्या उचलल्या, तर भाताला हिरवे मोड आलेले.

"आई ओरडल्या असतील," मी म्हटलं.

"ओरडली असती तर बरं झालं असतं. एक शब्द नाही बोलली. रोज फोन करते. जेवलीस का विचारते. खोलीत पंखा नीट चालतो का विचारते. मैत्रिणीच्या आजीचा गुडघासुद्धा विचारते. पाऊस नाही विचारत. आता तिला कापायचं असलं की शेजारच्या काकीला विचारते."

"काकीला काय कळतं?"

"काकी मुंग्या बघते," ती म्हणाली. तिला रडता रडता हसू आलं, आणि मलाही आलं, आणि आम्ही दोघी केरसुणीच्या दोन बाजूंना बसून खूप वेळ तशाच हसत राहिलो.

मी तिला एवढंच म्हटलं, की तू एका कापडावर जीव टांगलास. आता पन्नास बघता येतात. पण आईने परत विचारावं असं वाटत असेल, तर आधी तुला सांगावं लागेल, आणि पाच-पाच सांगून आईने काय करायचं? निम्मा कोयता चालवायचा?

तिने नाक पुसलं. "अजून कापायचं राहिलंय," ती म्हणाली. "आमचं यंदा उशिरा तयार झालंय."

ऑक्टोबरचे ते दिवस फसवे असतात. सकाळी लख्ख ऊन, दुपारी घामाच्या धारा, आणि चार वाजता डोंगराकडून एखादा काळा ढग उठतो. या गावावर बरसतो, त्या गावाला कोरडं ठेवतो. शिकवायला याहून चांगले दिवस नाहीत आणि भात कापायला याहून वाईट नाहीत. दोन-तीन दिवसांनी पाचदाणे वर्गात आली ती सरळ माझ्या टेबलाशी.

"काकी बोलली मुंग्या गप आहेत. आई उद्या सगळं कापणार."

"आणि तू?"

"मी काही बोलले नाही."

मी वर्गासमोर उभी राहिले. घसा साफ केला. मला नाट्यमय घोषणा करायला आवडतात हे मुलांना ठाऊक होतं, ती गप्प झाली. "आज राहनाळचा पाऊस नाही. आज प्रश्न हिच्या गावाचा. उद्या दुपारपासून अंधार पडेपर्यंत हिच्या आईच्या शेतावर पाऊस पडेल का? मोजायला पर्जन्यमापक म्हणून हिच्या आई. दाणे टाका."

दहादाणेने पडदा पाहिला, खिडकीतून ऊन पाहिलं आणि दहाही दाणे 'न पडेल'मध्ये ओतले. बाकीच्यांचे दोन-आठ, एक-नऊ. पाचदाणे पडद्यासमोर बसून राहिली. तिने पन्नासच्या पन्नास कापडं एकेक करून पाहिली. मग वाट्यांशी आली. पाच दाणे 'पडेल'मध्ये टाकले, पाच 'न पडेल'मध्ये. हात मागे घेतला. परत पुढे केला. 'पडेल'मधले दोन दाणे उचलले आणि दुसरीकडे ठेवले.

तीन आणि सात.

कोणीतरी शिट्टी मारली. ती वाट्यांकडेच बघत होती. "पाच-पाचपेक्षा याचीच भीती जास्त वाटते," ती म्हणाली, आणि फोन काढला. "मॅडम, तुम्ही इथेच थांबा." मी कुठे जाणार होते? तिने स्पीकर लावला.

"जेवलीस का गो बाय?" पलीकडून लगेच आवाज आला. माझ्या सोंगापेक्षा तो खूप मऊ होता. मला माझ्या नकलेची लाज वाटली नाही, पण ती सुधारायला हवी असं वाटलं.

"जेवायला येळ हाय आये. ऐक ना. तू उद्या कापतस?"

पलीकडे थोडा वेळ नुसत्या कोंबड्या ओरडल्या. "हां," आई सावकाश म्हणाली. "काकी बोलली, काप."

"मी बघलंय, आये. उद्याचं पानी."

पुन्हा कोंबड्या.

"दहा दानं हायेत समज," मुलगी भराभर बोलायला लागली. "त्यातलं तीन पडायचं आन सात न पडायचं."

"कसलं दानं?"

"शेंगांचं. म्हंजे असं, की उद्यासारखं दहा दिवस आलं ना, तं तीन दिवशी पानी पडंल. सात दिवशी न्हाय पडनार."

"मंग उद्याचा दिवस तीनातला का सातातला?"

खाली एक ट्रक किणकिणत मागे येत होता, तो तेवढ्यात थांबला. मुलीने माझ्याकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा मी माझ्या वाक्याची संधी सोडली.

"त्यो न्हाय सांगता येत, आये."

"कोनालाच न्हाय?"

"कोनालाच न्हाय."

"तुझ्या त्या मॅडमला बी न्हाय?"

"मला बी न्हाय हो ताई," मी जागेवरून म्हटलं.

"ऑ! त्या ऐकतायत?" पलीकडे गडबड उडाली, बहुधा पदर डोक्यावर गेला. "नमस्कार हां. पोर जेवते का नीट?"

"जेवते. शेंगा फार खाते," मी म्हटलं.

आई हसली. मग तिचा आवाज परत मुलीकडे वळला, हळू झाला. "तीन दानं," ती स्वतःशी म्हणाली. "तीन दानं म्हंजे थोडं न्हाय गो." मग तिने ठरवलं. "घराजवळचा तुकडा कापते. आभाळ आलं तं उचलून पडवीत टाकीन. खालचं शेत उभंच राहूंदे. उभ्याला काय व्हत न्हाय."

"तुना ठीक वाटतं तसं कर."

"मंग? दानं तू मोजलंस, कोयता माझा हाय," आई म्हणाली, आणि जेवून घे असं बजावून फोन ठेवला.

पाचदाणेने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि दोन्ही हात त्याच्यावर ठेवून बसली, जणू तो उडून जाईल.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर राहनाळला ऊनच होतं. डोंगराकडची बाजू मात्र चार वाजता काळवंडली. पाचदाणे खिडकीतून हलेना. आईचा फोन लागेना. वीज गेली की त्यांच्या गावात फोनही झोपतात. दहादाणे, जो एरवी स्वतःच्या दाण्यांसाठी खिडकीत नाचला असता, तिच्यासाठी चहा घेऊन आला आणि म्हणाला, "नाही पडणार. माझे दहाही दाणे तुझ्या आईच्या बाजूने आहेत." हुशार पोरगा. अंदाज आणि आशीर्वाद यांत तो गल्लत करतो. पण अशी गल्लत करणारा माणूस शेजारी असावा.

फोन आला तो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, वर्ग नुकताच भरला होता. तिने स्पीकर लावला. लावू नको म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. काय ऐकू येईल ते माहीत नव्हतं.

"बाय, पडला गो," आई म्हणाली. "चार वाजता आला तं दिवा लावायच्या टायमापर्यंत. नुस्ता वतला."

मुलीने फोन जवळ ओढला. "आये..."

"तुझं तीन दानं पडलं," आई म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग कुठेच नव्हता. उलट शेजारणीला बातमी सांगावी तशी ती रंगून सांगत होती. "आभाळ फिरलं तवाच मी न् काकीनी धाव घेतली. काकी बोलते, मुंग्या तं गप व्हत्या, आन मी बोलते, मुंग्या गप असूंदेत, माझी बाय तीन बोललेली हाय! सगळं उचललं. दोन भारं भिजलं, ते पडवीत पसरलंय. खालचं शेत उभं हाय. जरा वाकलंय, पन हाय."

मुलीच्या आधी दहादाणेच बोलला. तो केस उपटत होता. "शंभर! मॅडम, परत शंभर!"

"कोन वरडतो गो?"

"त्याला दंड पडला, आये," ती डोळे पुसत म्हणाली. "मना बी पडला. एकोनपन्नास दानं."

"तुना कसला दंड? तू तं बोललेलीस!"

"सात दानं चुकीच्या वाटीत व्हतं ना."

आईला हे अजिबात पटलं नाही, आणि तिने आमच्या शास्त्राबद्दल जे एक वाक्य उच्चारलं ते मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, की मी ते पुढच्या प्रत्येक तुकडीला अभिनयासह ऐकवलं आहे.

पंचवीसच्या वर दंड पाचदाणेला कधी पडला नव्हता. एकोणपन्नास हा तिचा आजवरचा सगळ्यांत मोठा. ती उठली, पोत्यातून ओंजळभर शेंगा घेतल्या, फोन खांदा आणि कानाच्या बेचक्यात धरला, स्पीकर बंद करायला विसरली, आणि सोलायला बसली. दहादाणे तिच्या शेजारी बसला. दोघांचा कटकट आवाज सुरू झाला. माझा डबा भरू लागला.

आईने विचारलं, जेवलीस का. ती हां म्हणाली. पंखा? हां. मैत्रिणीच्या आजीचा गुडघा? बरा आहे. मग कोंबड्या ओरडल्या. आता फोन ठेवेल असं मला वाटलं. मुलीलाही वाटलं असावं. तिचा हात शेंगेवर थांबला.

"बाय," आई म्हणाली.

"काय आये?"

"खालचं शेत काढायचं हाय." आणि मग, "उद्या किती दानं?"

पाचदाणेने माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने खिडकीकडे बघितलं. काही प्रवेशांत प्रेक्षकांनी पाठ फिरवून उभं राहावं लागतं.

"थांब आये," तिचा आवाज मागून आला, जरासा फाटलेला. "सकाळचं अजून बघलं न्हाय."

"मंग बघ ना गो सावकाश. मी फोन धरून हाय."